वेचणीच्या दिवसांतली तार

दिवाळी उलटली की शेवगावकडून कापसाचे टेम्पो येऊ लागतात. करंजीचा घाट ओलांडून ते भिंगारवरून नगरकडे जातात आणि ताडपत्री कितीही आवळून बांधलेली असली तरी रस्त्याकडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके ठेवून जातात. आठ-पंधरा दिवसांत काटे दिसेनासे होतात. सकाळच्या गार वाऱ्यावर त्यातला एखादा पुंजका आमच्या गल्लीत शिरतो आणि माझ्या गच्चीवरच्या तारेला येऊन चिकटतो. मी काठीने तो काढते. दुसऱ्या दिवशी दुसरा येतो.

परवा अशीच काठी घेऊन उभी होते, तेव्हा केडगावहून एका शिक्षिकेचा फोन आला. नुकतीच हौशी रेडिओची, म्हणजे घरून रेडिओवर बोलायच्या परवान्याची, परीक्षा पास झालेल्या. रेडिओ आला, टेबलावर मांडूनही झाला, आता अँटेना कोणती लावू, एवढंच विचारायचं होतं. सगळ्या बँडवर, म्हणजे लहरींच्या सगळ्या पट्ट्यांवर, चालणारी एकच तार हवी, गच्ची लहान आहे, आणि तारेपासून रेडिओपर्यंत साधी केबल चालेल की ती शिडीसारखी दुहेरी लाईन लागेल, असे त्यांचे प्रश्न होते. वहीत उतरवून घेतलेले असावेत. मी म्हटलं, "तुम्हाला बोलायचंय कुणाशी?" त्या गोंधळल्या. "कुणाशी म्हणजे? सगळ्यांशीच." मी म्हटलं, "विचार करून ठेवा, संध्याकाळी बोलू." फोन ठेवला आणि वाटलं, आपण उगाच तुसडेपणा केला. त्यांचं काय चुकलं? चार वर्षांपूर्वीच्या वेचणीत मलाही सगळ्यांशीच बोलायचं होतं.

माझा जन्म टेलिफोनच्या खात्यात गेला. लग्नाआधीपासून एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानावर हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, आणि दिवसभर एकच वाक्य : "हॅलो, ऐकू येतंय का? बोला." माणूस "हॅलो" कसं म्हणतो यावरून त्याच्या घरी लग्न आहे की दुखणं आहे हे मला कळायचं, असा माझा तोरा होता. बोर्ड गेले, ऑपरेटर गेले, मला बिलाच्या खिडकीवर बसवलं, मग मुदतीआधीच निवृत्त केलं. त्याच वर्षी हे गेले. मुलगी लांब. घरात दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. दूधवाला आला की माझाच आवाज मला घोगरा लागायचा.

त्या घोगरेपणातून मला रशीदचाचांनी बाहेर काढलं. भिंगारच्या जुन्या बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमचा घरचा रेडिओ तिथेच जायचा. हे गेल्यानंतर मी तो घेऊन गेले, तर चाचांनी उघडलासुद्धा नाही. "ह्याला काय झालं न्हाई, ऑपरेटरबाई," म्हणाले, "तुमाला ऐकायचं न्हाई, तुमाला बोलायचंय." आणि शेल्फामागून स्वतः बनवलेला बोलायचा रेडिओ काढला, पत्र्याचा डबाच तो. त्यांच्याकडे परवाना होता, कितीतरी वर्षांपासून. मला माहीतच नव्हतं. पुढचे आठ महिने मी त्या दुकानातल्या स्टुलावर बसून परीक्षेचा अभ्यास केला. मोर्स, म्हणजे टेलिग्रामची टकटक, मात्र शिकले नाही. मोर्स लागत नाही अशा खालच्या परवान्यावर समाधान मानलं. टकटक करून बोलायचं ते तारवाल्यांनी, आम्ही आवाजवाले, असं मी त्यांना ऐकवलं होतं. चाचा हसले होते.

मग चाचांनी दुकान बंद केलं आणि मुलाकडे गेले, शेवगावजवळच्या गावी. मुलाचा टेम्पो, थोडी शेती, सून शबाना. जाताना ठरवून गेले : रोज सकाळी साडेआठला, चाळीस मीटरच्या बँडवर. माझ्या दिवसाला त्या साडेआठने खुंटी मिळाली. त्याआधी वेणीफणी, चहा, खुर्ची सरळ. पलीकडून आवाज यायचा, "ऑपरेटरबाई, सलाम. तुमी फाईव्ह नाईन." मग थंडी किती, कापूस किती निघाला, शेळीने काय खाल्लं.

हे फाईव्ह नाईन समजून घ्यायला हवं. रेडिओवर समोरच्याला आधी त्याच्या आवाजाचा रिपोर्ट द्यायचा असतो. पहिला आकडा शब्द किती कळले याचा, पाचपैकी. दुसरा आवाज किती जोरदार याचा, नऊपैकी. फाईव्ह नाईन म्हणजे पैकीच्या पैकी. आणि आमच्या मंडळींत अशी रीत पडली आहे की सगळ्यांना फाईव्ह नाईनच द्यायचं. पाहुण्याने भाजी छान झाली म्हणावं तसं. समोरचा खरवडल्यासारखा ऐकू येत असला तरी "फाईव्ह नाईन, ओल्ड मॅन, आपलं नाव पुन्हा सांगाल का?" असं विचारतात, आणि त्यात कुणाला काही विसंगत वाटत नाही.

त्या हिवाळ्यात मला हाव सुटली. बँड चांगले उघडत होते, म्हणजे आवाज हवेतून लांबवर जात होता, लोक जपान घेत होते, इटली घेत होते, आणि माझी गाडी पुण्या-सोलापूरच्या पुढे जात नव्हती. मी वाचायला बसले. मधोमध जोडलेली तार, एका टोकाकडून जोडलेली तार, एकाच जोडावरून पंख्यासारख्या सुटणाऱ्या चार तारा. प्रत्येकाचे गुण वाचताना तीच हवीशी वाटायची आणि दोष वाचताना नकोशी. शेवटी टोकाकडून जोडायची एकच लांब तार घेतली. शेजारच्या चौमजली इमारतीवर पाण्याच्या टाकीचा उंच पाइप आहे, तिथल्या लोकांच्या हातापाया पडून तिचं एक टोक त्याला बांधलं. खाली उतरायला बारीक, काळी, सुबक केबल. दुहेरी लाईन गच्चीवरून लोंबताना वाळत घातलेल्या शिडीसारखी दिसते, ती मला नको होती.

चाचांना विचारलं होतंच. पंधरा दिवस जुनी तार आणि नवी तार, दोन्ही ठेवून रोज बदलून बघत होते. "चाचा, ही जुनी. आता ही नवी. कशी येते?" उत्तर यायचं, "फाईव्ह नाईन. लई झ्याक." दोन्हींना तेच. पुस्तक म्हणत होतं की इतकी उंच तार लांब बोलते, आणि साठ-सत्तर किलोमीटरवरचा माणूस तिच्याखालून निसटू शकतो. त्यात बारीक केबल निम्मी ताकद वाटेतच खाते. पण पुस्तकापेक्षा माझा चाचांवर विश्वास. त्यांच्या शब्दावर जुनी तार गुंडाळून माळ्यावर टाकली. त्याच आठवड्यात इटली लागलं, मग जपान. मी मुलीला फोन करून सांगितलं. तिने "अरे वा" म्हटलं आणि बीपीची गोळी घेतली का विचारलं.

खुणा होत्या. मी दुर्लक्ष केलं. मी विचारायची एक, चाचा सांगायचे दुसरं. कधी माझं बोलणं संपायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं, आणि मी बँडला दोष द्यायची. जिने उभ्या आयुष्यात माणसं नुसत्या श्वासावरून ओळखली, तिला हे कळू नये! पण खरं सांगायचं तर मला कळून घ्यायचं नव्हतं. सकाळी साडेआठला कुणीतरी माझं ऐकतंय, यावर माझा सगळा दिवस उभा होता.

मग एका सकाळी माइकची वायर आतून तुटली. मी नेहमीसारखी बोलत सुटले. आदल्या दिवशी दवाखान्यात गेले होते, छातीचा फोटो काढायला सांगितला होता, ती भीती मी मुलीला सांगितली नव्हती, चाचांना सांगितली. बोलून झाल्यावर समोर बघितलं तर रेडिओवरची, बोलताना हलणारी सुई हललेली नव्हती. एक अक्षर बाहेर गेलं नव्हतं. तेवढ्यात पलीकडून स्वच्छ आवाज आला, "रॉजर, ऑपरेटरबाई, समदं कळलं. फाईव्ह नाईन. आज हिकडं थंडी लई हाय."

चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. धरली. घाटात धुकं होतं, पुढे ऊन आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला शेतं पांढरी झाली होती आणि बाया कमरेला ओटी बांधून वाकून वेचत होत्या. वेचणी मी आधी कधी जवळून पाहिली नव्हती. बोंडाची टोकं सुकून टणक होतात, बोटांना ओरखडे काढतात, आणि त्यातून कापूस असा उचलायचा की पाचोळा सोबत येऊ नये. फाट्यावर उतरून चालत गेले तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. घरासमोरच्या पडवीत कापसाची गंजी होती. शबाना ओटी रिती करायला आली होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

"आक्का, तुमी? अन् आत्ता? आता तर अब्बांची तुमच्याशीच बोलायची येळ," ती हसली. "त्यांना आमचं कुनाचंच ऐकू येत न्हाई बगा. दोन साल झालं. डाक्टरनं कानाचं मशीन दिलं, ते बी चालंना. आमी पाटीवर लिवून दाखवतो. पर रेडूवर तुमचं समदं ऐकू येतं म्हनत्यात, ती टोपी कानावर घातली की. म्हनून तर ह्यांनी डबा ठिवलाय, न्हाईतर कवाच उचलला असता. तारंची लई भीती वाटती ह्यांना."

आम्ही दोघी दारात गेलो. चाचा पाठमोरे बसले होते, कानावर हेडफोन, समोर भिंतीवरचं घड्याळ. त्या घरी बनवलेल्या डब्याला सुईसुद्धा नव्हती. साडेआठ झाले. चाचांनी बटण दाबलं, माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओचं नाव, घेतला, सलाम केला आणि बटण सोडलं. मग घड्याळाकडे बघत राहिले. मधेच मान हलवत होते, एकदा हसलेसुद्धा. तीन मिनिटं झाल्यावर बटण दाबून म्हणाले, "रॉजर, ऑपरेटरबाई. फाईव्ह नाईन."

शबानाने माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. "मग आत्ता कोन बोलतंय?"

"दुसरं कुणीतरी असेल," मी म्हटलं. "माझ्या ओळखीच्या आहेत एक बाई." आयुष्यात इतकं वाईट खोटं मी कधी बोलले नसेन. शबाना ओटीची गाठ सोडत मागे वळली. चहा टाकते म्हणून आत गेली.

मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा चाचांनी आधी मला बघितलं आणि मग घड्याळाला, जणू ते फितूर झालं होतं. हेडफोन काढून मांडीवर ठेवले. पाटी खिडकीत होती. मी लिहिलं, 'काहीच ऐकू येत नाही?' त्यांनी बाहीने पाटी पुसली. "हे आदी पुसा," आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करत म्हणाले, पण तो घरभर गेला. "पोराला कळलं तर डबा जाईल."

मी लिहिलं, 'रोज फाईव्ह नाईन दिलंत.'

"व्हय. मग? तुमी साडेआठला येनार हे मला ठावं हुतं. तुमी बोलत हुता ना रोज?"

मी मान डोलावली.

"मग खोटं काय त्यात?"

मला राग आला. फार राग आला. त्यांच्या शब्दावर मी तार बदलली होती, आणि तारेचं काय घेऊन बसलात, दोन वर्षं मी माझं जे काही होतं ते घड्याळाला सांगत होते. मी तसं पाटीवर लिहूनही काढलं असतं, पण खडू मोडला. चाचा खाली वाकून तुकडा शोधू लागले. मानेवरचे केस पार विरळ झाले होते. आणि माझ्या मनात आलं, हा माणूस दोन वर्षं रोज शांततेला सलाम करत होता, मी तिथे आहे एवढ्याच भरवशावर. माझा राग गेला असं नाही. तो बाजूला सरकला.

त्यांनीच मग विषय काढला. डब्याच्या बाजूला मोठा स्पीकर होता, जुन्या लाकडी रेडिओतला, पुढची जाळी काढलेला. त्याच्या कागदावर त्यांनी तळवा ठेवला. दुकानात असताना कुठला रेडिओ घरघरतो हे ते असंच बघायचे, कान न लावता. "हितं थरथर कळती," म्हणाले. "बोलनं न्हाई कळत, बोलनं समदं एकात एक जातं. पर टकटक कळंल. लांब अन् आखूड, येवढंच तर हाय. फकस्त सिग्नल दांडगा पायजे. तुमची तार कुटली हाय?"

मी लिहिलं. उंच, टोकाकडून, बारीक केबल. चाचांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "ती जपानला ठीक. मी काय जपानला राहतो?"

त्या दिवशी पडवीत बसून आम्ही शिडी बनवली. मोटार गुंडाळणाऱ्याकडची तार चाचांकडे होती, पाण्यातल्या पंपाची, वर प्लास्टिकचा लेप असलेली. ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या शबानाने ओढून आणल्या. नळीचे वीतभर लांब तुकडे करायचे, दोन्ही टोकांना भोक पाडायचं, आणि दोन तारा समांतर ठेवून हात-हातभर अंतरावर एकेक तुकडा ओवायचा. दोन तारांमध्ये फक्त हवा, त्यामुळे वाटेत ताकद वाया जात नाही. गबाळं दिसतं, पण जे दिलं ते पोचवतं. चाचा भोकं पाडत होते, मी ओवत होते. मधेच शबाना येऊन बसली. कापूस वेचून फाटलेल्या बोटांनी तिने न विचारता गाठी मारायला घेतल्या, माझ्यापेक्षा घट्ट. एकदाच म्हणाली, "ह्यानं त्यांना ऐकू यील का, आक्का?" मी म्हटलं, "कळेल." तिने मान हलवली. नवऱ्याला तिने काही सांगितलं नाही, त्या दिवशीही आणि नंतरही.

ती गुंडाळी घेऊन मी संध्याकाळच्या एस.टी.त बसले तेव्हा कंडक्टरने विचारलं, ठिबक कितीला घेतलं. मी म्हटलं, घरचंच आहे.

चौमजली इमारतीवरचं टोक मी सोडवलं. दुसरी तार दीड पुरुष उंचीवर, गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली आणि मधून शिडी खाली आणली. अशी बुटकी तार सरळ आकाशाकडे बोलते आणि तिचं बोलणं वरून पावसासारखं आसपासच्या तालुक्यांत उतरतं. लांबचं कमी होतं. त्या संध्याकाळी इटलीचा ओळखीचा माणूस मला हाका मारत होता, खोल विहिरीतून आल्यासारखा. मी उत्तर दिलं, त्याला मिळालं नाही. वाईट वाटलं, नाही कसं?

आणि एकसष्टाव्या वर्षी मोर्स. परवान्याची ती वरची परीक्षा देईपर्यंत हवेत टकटक करता येणार नव्हती, म्हणून आधी घरात. कुकरची शिट्टी, गिरणीचा पट्टा, बाहेर टेम्पोचा हॉर्न, सगळं लांब आणि आखूड ऐकू यायला लागलं. रात्रंदिवस ज्या जिभेवर पोट भरलं ती गप्प ठेवून मनगटाने बोलायचं. मनगट ऐकेना. छातीचा फोटो स्वच्छ निघाला, तो आनंदही मी टेबलावर बोट आपटूनच साजरा केला. त्या दरम्यान सकाळी साडेआठला मी रेडिओ लावायची आणि चाचा सलाम करायचे, फाईव्ह नाईन द्यायचे, कारण शबानाचा नवरा घरात असायचा. मी ऐकत बसायची. आता आम्ही दोघंही तेच नाटक करत होतो, आणि ते मला अजिबात सोपं गेलं नाही.

वर्ष गेलं. परीक्षा झाली, परवाना आला, पुन्हा टेम्पो सुरू झाले होते. चाचांना मी पत्राने दिवस कळवला. चाचा आता नाहीत, त्यांना जाऊन दोन वेचण्या झाल्या. पण ती सकाळ होऊन गेली, हे मला बरं वाटतं.

साडेआठला चाचांनी आवाजात सलाम केला नाही. मी मोर्सची किल्ली पुढे ओढली. मनगट अजूनही पुरतं ऐकत नव्हतं, आखूडचे लांब होत होते. त्यांचा कॉलसाइन, माझा कॉलसाइन, मग 'चाचा, मी बोलते आहे', रोमन अक्षरांत, एकेक अक्षर सुटं करून. एवढ्याला दोन मिनिटं लागली. थांबले. रेडिओत नुसती खरखर. शेवगावकडच्या त्या घरात तळवा स्पीकरवर आहे की नाही, हे मला कसं कळणार?

मग उत्तर आलं. जुन्या माणसाचा हात, सावकाश, एकही अक्षर न डगमगता. आधी माझा कॉलसाइन. मग रिपोर्ट, मोर्समध्ये तो तीन आकडी असतो, शेवटचा आकडा सुराचा. मी पेन्सिलीने उतरवत गेले. तीन. तीन. नऊ. म्हणजे शब्द जेमतेम कळले, आवाज बारीक, सूर स्वच्छ. इतका वाईट रिपोर्ट मला आजवर कुणी दिला नव्हता. मी पदराने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरून आले.

त्याच्यापुढे त्यांनी आणखी एक खूण पाठवली. दोन आखूड, दोन लांब, दोन आखूड. प्रश्नचिन्ह. आमच्यात त्याचा अर्थ : कळलं नाही, पुन्हा सांगा.

दोन वर्षांत त्यांनी एकदाही मला पुन्हा सांगायला लावलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगितलं.